‘जादा पैसे देऊ’ : म्हणणे आणि देणे

एक प्रश्न उद्या वर्गात विचारून पाहा. टेबलावर दोन शर्ट आहेत असे समजा. कापड सारखे, शिलाई सारखी, रंगही सारखाच. एकाची किंमत 600 रुपये. दुसऱ्याचा कापूस रासायनिक खते आणि कीटकनाशके न वापरता पिकवला आहे, त्याच्या रंगाईचे सांडपाणी शुद्ध केले आहे आणि म्हणून त्याची किंमत 720 रुपये आहे. दुसरा शर्ट कोण घेईल? हात वर करा.

बरेच हात वर होतील असा आमचा अंदाज आहे. पर्यावरणाचा धडा झाल्यावर हा प्रश्न विचारला, तर आणखीच जास्त. मोठ्या माणसांना विचारले तरी चित्र फारसे वेगळे नसते. आणि तरीही बाजारात अशा कपड्यांचा एखादा कोपराच असतो. मग हात वर करणारे सगळे खोटे बोलत होते का?

तसे म्हणणे सोपे आहे, पण बरोबर नाही. ही मोजमापाची अडचण आहे. ताप मोजायला तापमापी लागते, आणि ती चुकीच्या जागी ठेवली तर आकडा चुकीचा येतो. माणसाची ‘जादा किंमत देण्याची तयारी’ मोजायलाही साधन लागते. हात वर करणे हे त्यासाठी फार कच्चे साधन आहे. हे कच्चेपण कुठून येते, चांगले साधन कसे बनवायचे आणि त्याने आपण नेमके काय मोजतो, ते या लेखात पाहू.

विचारलेली किंमत, मोजलेली किंमत

एखाद्या वस्तूसाठी एखादा माणूस जास्तीत जास्त जेवढे पैसे द्यायला तयार होईल, त्या रकमेला अर्थशास्त्रज्ञ त्याची ‘किंमत देण्याची तयारी’ म्हणतात. ही रक्कम वस्तूवर छापलेली नसते, ती माणसाच्या मनात असते. ती जाणण्याचे दोन मार्ग आहेत. पहिला, सरळ विचारणे. दुसरा, त्याने खरोखर पैसे मोजताना काय केले ते पाहणे.

दोन्ही मार्गांनी एकच उत्तर यायला हवे. ते येत नाही. या विषयावरच्या अनेक प्रयोगांचे आकडे एकत्र करून संशोधकांनी ही तफावत मोजली आहे. लिस्ट आणि गॅलेट यांना 2001 मध्ये असे दिसले, की नुसते विचारल्यावर माणसे सरासरीने खऱ्या रकमेच्या सुमारे तिप्पट रक्कम सांगतात. मर्फी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 2005 मध्ये अशाच अभ्यासांचे आकडे घेऊन मध्यक काढला. तो आला 1.35. म्हणजे खरे 100 रुपये देणारा तोंडी सुमारे 135 सांगतो.

तिप्पट कुठे आणि 1.35 पट कुठे! दोन्ही पाहण्यांतले अभ्यास तंतोतंत तेच नव्हते, हे तर खरेच. पण आणखी एक कारण गणिताच्या शिक्षकांच्या लगेच लक्षात येईल. थोड्या अभ्यासांत तफावत प्रचंड होती. असे मोजके मोठे आकडे सरासरीला वर ओढतात, मध्यकाला मात्र फारसे हलवत नाहीत. सरासरी आणि मध्यक यांतला फरक शिकवायला याहून चांगले उदाहरण शोधावे लागेल.

ही तफावत का पडते? पहिले कारण असे, की तोंडी ‘हो’ म्हणायला काही खर्च येत नाही. दुसरे, विचारणाऱ्यासमोर आपण चांगले दिसावे असे प्रत्येकाला वाटते, आणि विचारणारे गुरुजी किंवा बाई असतील तर जास्तच. तिसरे कारण थोडे सूक्ष्म आहे. प्रश्न विचारताना आपण एकाच गुणावर बोट ठेवतो. दुकानात मात्र मनात दहा गोष्टी असतात : माप बसते का, रंग जाईल का, दिवाळीला घरात आणखी कोणाकोणाला कपडे घ्यायचे आहेत, खिशात किती उरतील. वर्गात एकटा उभा असलेला गुण दुकानात गर्दीत सापडतो.

दुकानातच प्रयोग केला तर?

यावर एक उपाय म्हणजे प्रयोग दुकानातच करायचा, आणि गिऱ्हाइकाला ते कळू द्यायचे नाही.

अमेरिकेत मिशिगनच्या समाजशास्त्रज्ञांनी असा एक प्रयोग केला, तो 2004 मध्ये प्रसिद्ध झाला. एका दुकानात पांढऱ्या खेळाच्या मोज्यांचे दोन मांड शेजारी शेजारी ठेवले. मोजे अगदी सारखे. एका मांडावर चिठ्ठी होती, की हे मोजे कामगारांना चांगली वागणूक देणाऱ्या कारखान्यात बनले आहेत. मग चिठ्ठीच्या मोज्यांची किंमत हळूहळू वाढवत नेली. प्रश्न इथे पर्यावरणाचा नसून कामगारांचा होता, पण प्रयोगाची रीत आपल्या कामाची आहे. किंमत चढत गेली तसे चिठ्ठीचे मोजे घेणारे कमी होत गेले. पण ते शून्यावर आले नाहीत. काही माणसे जादा पैसे मोजत राहिली. त्यांना कोणी पाहत नव्हते, कोणी विचारतही नव्हते.

दुसरा प्रयोग पर्यावरणाचाच आहे. हाइनम्यूलर आणि हिस्कॉक्स या संशोधकांनी अमेरिकेतल्या एका मोठ्या कपडे कंपनीच्या दुकानांत तो केला आणि 2012 मध्ये मांडला. जलप्रदूषण कमी करण्याच्या कार्यक्रमाची माहिती देणारी चिठ्ठी लावल्यावर स्त्री-ग्राहकांची खरेदी 8 टक्क्यांनी वाढली. पुरुषांवर परिणाम दिसला नाही. मात्र या प्रयोगाने चिठ्ठीचा परिणाम मोजला, जादा किमतीचा नव्हे. ‘चिठ्ठी पाहून घेतले’ आणि ‘चिठ्ठीसाठी जास्त पैसे दिले’ या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. बातम्यांत त्यांची नेहमी गल्लत होते. विद्यार्थ्यांना हा फरक ओळखायला शिकवले, तर निम्मे काम झाले.

तेव्हा तयारी आहे, पण हात वर करण्यातून दिसते तेवढी नाही. मग खरी किती?

वर्गात करण्याजोगा प्रयोग

माणसाने मनातली खरी रक्कम सांगावी, अशी युक्ती करता येते का? विल्यम विकरी यांनी 1961 मध्ये लिलावाची एक अशी रीत मांडली, की तीत खरे बोलणेच फायद्याचे ठरते. त्यांना 1996 मध्ये अर्थशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले. पुढे 1964 मध्ये बेकर, डीग्रूट आणि मार्शाक यांनी एकेकट्या माणसासाठी तशीच रीत सांगितली. ती नववी-दहावीच्या वर्गात सहज करता येते.

साहित्य : एक साधा गिरणीचा रुमाल, तेवढाच मोठा एक नैसर्गिक रंगाचा किंवा प्रमाणित सेंद्रिय कापसाचा रुमाल (तो मिळाला नाही तर खादीचा), 30 रुपयांची सुटी नाणी, 0, 5, 10, 15, 20, 25 आणि 30 असे आकडे लिहिलेल्या सात चिठ्ठ्या, एक डबा.

वर्गाचे दोन गट करा. पहिल्या गटाला फक्त विचारा : ‘तुमच्याजवळ साधा रुमाल आणि 30 रुपये आहेत असे समजा. तो देऊन दुसरा रुमाल घ्यायला तुम्ही वर जास्तीत जास्त किती रुपये द्याल?’ उत्तर कागदावर, नाव न घालता.

दुसऱ्या गटाला वेगळ्या खोलीत सांगा, की शेवटी एका हजेरी क्रमांकाची चिठ्ठी उचलली जाईल आणि त्या विद्यार्थ्याला साधा रुमाल आणि 30 रुपये खरोखर मिळतील. प्रत्येकाने आपला क्रमांक आणि आपली जास्तीत जास्त रक्कम लिहून कागदाची घडी घालायची. क्रमांक निघाल्यावर डब्यातून किमतीची एक चिठ्ठी काढायची. त्या विद्यार्थ्याने लिहिलेली रक्कम चिठ्ठीवरच्या किमतीएवढी किंवा तिच्याहून जास्त असेल, तर त्याने *चिठ्ठीवरची* किंमत देऊन रुमाल बदलायचा. कमी असेल तर साधा रुमाल आणि 30 रुपये त्याचेच.

यात खरे लिहिणे का फायद्याचे? समजा, मंदाला मनातून तो बदल 15 रुपयांचा वाटतो. शाबासकीसाठी तिने 25 लिहिले आणि चिठ्ठी निघाली 20 ची. आता तिला 15 च्या गोष्टीसाठी 20 मोजावे लागतील, म्हणजे 5 रुपयांचा तोटा. उलट, चलाखी करून तिने 5 लिहिले आणि चिठ्ठी निघाली 10 ची. 15 ची गोष्ट 10 ला मिळत होती, ती हातची गेली. तिने 15 च लिहिले असते, तर कुठलीही चिठ्ठी निघाली तरी पस्तावा नव्हता. इतर आकडे घालून विद्यार्थ्यांनाच हे पडताळू द्या.

मग दोन्ही गटांचे मध्यक काढा आणि तुलना करा. विद्यार्थी थोडे असले तर फरक स्पष्ट दिसेलच असे नाही. तसे झाले तर तेच फळ्यावर लिहा. प्रयोगाचे उत्तर आधी ठरवून ठेवायचे नसते.

दोन पथ्ये पाळावीत. मुलांच्या खिशातले पैसे या प्रयोगात आणू नयेत, म्हणूनच रक्कम आपण द्यायची आहे. आणि कोणी किती लिहिले याची वाच्यता करू नये. शून्य लिहिणाऱ्याला निसर्गाची कळकळ नाही असा अर्थ काढणे चूक आहे. 30 रुपये कोणाच्या घरी दूध आणि भाजी असतात. तयारी आणि ऐपत या दोन गोष्टी कुठलाही आकडा वेगळ्या करून दाखवत नाही. त्या आपणच वेगळ्या ठेवायच्या असतात.

न दिसणाऱ्या गुणाचे मोल

आता दुसरा प्रश्न. ही जादा रक्कम नेमकी कशासाठी दिली जाते?

वस्तूंच्या गुणांचे तीन प्रकार करता येतात. शर्टाचा रंग घेण्याआधीच दिसतो. तो धुतल्यावर आटेल का, हे वापरल्यावर कळते. हे दोन प्रकार नेल्सन यांनी 1970 मध्ये मांडले. डार्बी आणि कार्नी यांनी 1973 मध्ये तिसरा प्रकार सांगितला : जो गुण वापरूनही कळत नाही, त्यावर फक्त विश्वास ठेवावा लागतो. शर्टाचा कापूस कसा पिकला, हा या तिसऱ्या प्रकारचा गुण आहे. सेंद्रिय कापसाचा शर्ट दहा वर्षे घातला तरी अंगाला ते समजत नाही.

आपल्याकडे असे कापड नवे नाही. खादी घेणारा दिसणाऱ्या कापडाबरोबर न दिसणाऱ्या गोष्टीचेही पैसे देत आला. 1925 मध्ये अखिल भारतीय चरखा संघ स्थापन झाला. कातणाऱ्यांना पोटापुरती मजुरी मिळावी म्हणून संघाने 1935 मध्ये मजुरी वाढवायचे ठरवले. त्याने खादी महागणार हे उघड होते. गिरणीचे सूत कोणते आणि चरख्याचे कोणते, हे साध्या गिऱ्हाइकाने कसे ओळखावे, ही अडचण तेव्हाही होतीच. खादीचे अधिकृत चिन्ह 2013 पासून आले, त्याच्या मुळाशी हीच अडचण आहे.

न दिसणाऱ्या गुणाच्या बाजारात एक धोका असतो. जॉर्ज अकरलॉफ यांनी तो 1970 मध्ये जुन्या मोटारींच्या उदाहरणाने दाखवला. पुढे 2001 च्या नोबेल पारितोषिकात त्यांचा वाटा होता. खरे आणि खोटे गिऱ्हाइकाला ओळखता येत नसेल, तर ते दोन्हींना मधली किंमत देऊ करते. त्या किमतीत खऱ्याचा खर्च निघत नाही, खोट्याचा मात्र नफा होतो. खरे हळूहळू बाजारातून बाहेर पडते.

ही नुसती कल्पना नाही. सेंद्रिय वस्त्रांचे जागतिक मानक सांभाळणाऱ्या ‘गॉट्स’ या संस्थेने ऑक्टोबर 2020 मध्ये जाहीर केले, की भारतातल्या सुमारे 20,000 टन कापसाच्या व्यवहारांत बनावट प्रमाणपत्रे आढळली. अशी एकेक बातमी गिऱ्हाइकाची तयारी खाली आणते, आणि तेही बरोबरच आहे. म्हणून कोणी जादा पैसे देत नाही असे दिसले, तर ‘लोकांना पर्यावरणाची पर्वा नाही’ असा निष्कर्ष लगेच काढू नये. पर्वा असेल, पण चिठ्ठीवर भरवसा नसेल. आपला आकडा या दोन्ही गोष्टी एकत्र मोजतो.

जादा पैसे जातात कुठे?

आता शेताकडे वळू आणि थोडे गणित करू.

शर्टाचे कापड 200 ग्रॅम धरा. कताई, विणाई आणि बेतण्यात काही वाया जाते, म्हणून रुई सुमारे 250 ग्रॅम लागेल. वेचलेल्या कापसातून सरकी काढल्यावर रुई साधारण एक तृतीयांश उरते. म्हणजे शर्टामागे सुमारे 750 ग्रॅम कापूस लागला. 2024-25 च्या हंगामात लांब धाग्याच्या कापसाचा हमीभाव क्विंटलला 7521 रुपये, म्हणजे किलोला सुमारे 75 रुपये होता. त्या हिशेबाने 600 रुपयांच्या शर्टात शेतकऱ्याचा कापूस सुमारे 56 रुपयांचा.

शेतकऱ्याला 10 टक्के जादा भाव द्यायचा ठरवला, तर शर्टामागे 6 रुपयेही लागत नाहीत. मग दुकानात फरक 120 रुपयांचा कसा? काही खर्च खरा असतो : थोडा थोडा माल वेगळा ठेवणे, त्यासाठी यंत्रे साफ करणे, तपासणी आणि प्रमाणपत्र, सांडपाण्याचे शुद्धीकरण. पण आणखी एक गोष्ट घडते. वाटेवरचा प्रत्येक जण आपला नफा टक्क्यांत लावतो. समजा, चार जणांनी प्रत्येकी 25 टक्के लावले, तर 6 रुपयांचे आधी 7.50, मग 9.38, मग 11.72 आणि शेवटी 14.65 होतात. गिऱ्हाइकाने ‘शेतकऱ्यासाठी’ म्हणून 14.65 दिले, पोचले 6.

इकडे शेतकऱ्याची अडचण वेगळीच आहे. आपल्या राष्ट्रीय सेंद्रिय उत्पादन कार्यक्रमाच्या नियमांप्रमाणे कापसासारख्या हंगामी पिकाच्या जमिनीला किमान दोन वर्षांचा रूपांतरकाल काढावा लागतो. त्या काळात रासायनिक खत घालायचे नाही, पण माल ‘सेंद्रिय’ म्हणून विकताही येत नाही. आणि नेमके याच काळात उत्पन्न घटण्याची भीती असते. मध्य प्रदेशात खरगोन जिल्ह्यात 2007 पासून चाललेल्या दीर्घ प्रयोगात पहिल्या दोन वर्षांच्या फेरीत सेंद्रिय शेतात कापूस 29 टक्के कमी आला. म्हणजे जिथे रासायनिक शेतात 100 किलो, तिथे सेंद्रिय शेतात 71. पुढच्या फेरीत, 2009-10 पर्यंत, रासायनिक शेतांचेच उत्पन्न उतरले आणि फरक मिटला. पण कर्ज काढून पेरणी करणाऱ्या, पावसावर अवलंबून असलेल्या विदर्भातल्या शेतकऱ्याला ती पहिली दोन वर्षे कशी काढायची, हाच प्रश्न असतो.

आता हात वर करण्याचे महत्त्व कळेल. तोंडी उत्तरांच्या भरवशावर कोणी सांगितले, की ‘गिऱ्हाईक वीस टक्के जादा देणार आहे, तुम्ही शेती बदला’, आणि दोन वर्षांनी ते गिऱ्हाईक आलेच नाही, तर चुकलेल्या मोजमापाची किंमत वर्गात किंवा दुकानात कोणी देत नाही. ती बांधावर द्यावी लागते.

मर्जी आणि नियम

स्वच्छ नदीचा आणखी एक पेच आहे. मी जादा पैसे दिले आणि नदी स्वच्छ झाली, तर पाणी मलाही मिळते आणि न देणाऱ्यालाही. तेव्हा प्रत्येकाला वाटू शकते, की शेजारी देईल, आपण कशाला? अशा ठिकाणी सर्वांची मर्जी चांगली असूनही काम अडते.

तमिळनाडूत तिरुपूरच्या रंगाई कारखान्यांच्या सांडपाण्याने नोय्यल नदी आणि तिच्याकाठची शेती नासली. ती एकेका गिऱ्हाइकाच्या निवडीवर सोडलेली नव्हती. जानेवारी 2011 मध्ये मद्रास उच्च न्यायालयाने आदेश दिला, की सांडपाणी बाहेर न सोडण्याची अट पूर्ण होईपर्यंत हे कारखाने बंद ठेवावेत. कारखाने बंद पडले, कामगारांचे हाल झाले, शुद्धीकरणाचा खर्च वाढला. पण तो खर्च सर्वांवर सारखा पडला. प्रामाणिक कारखानदार एकटा महाग ठरला नाही, आणि गिऱ्हाइकाला चिठ्ठी वाचून निवडही करावी लागली नाही.

म्हणजे गिऱ्हाइकाची तयारी निरुपयोगी आहे असे नव्हे. दुकानातल्या प्रयोगांनी ती खरी असल्याचे दाखवले आहे. ती वाटते त्याहून लहान आहे, विश्वासावर उभी आहे, आणि नदी वाचवण्याचा सगळा भार तिच्या एकटीवर टाकता येत नाही, इतकेच. नियम कुठे हवा आणि मर्जी कुठे पुरेल, हे ठरवायला ती नीट मोजावी लागते.

तेव्हा वर्गात पुन्हा हात वर करायला सांगाल, तेव्हा लगेच पुढचे तीन प्रश्नही विचारा. किती जास्त द्याल? चिठ्ठी खरी आहे हे कशावरून ओळखाल? त्यातले किती कापूस पिकवणाऱ्याला मिळावेत असे तुम्हाला वाटते? काही हात खाली येतील. जे वर राहतील, ते मोजा. आणि रुमालाचा प्रयोग केलात, तर दोन्ही गटांचे मध्यक आम्हाला जरूर कळवा, फरक निघाला नसला तरी.